बुटांतलं मीठ

व्हिएन्ना, फेब्रुवारीअखेर

प्रिय आणि आदरणीय नेबाहत आत्या,

"ही बोलायला लागली की पाहुणे आपोआप उठतात, मीठ वाया घालवायची गरजच नाही." हे वाक्य तू बाबांना म्हणालीस तेव्हा मी शाळेत होते. तू अंगणात घेवड्याच्या शेंगा सोलत होतीस आणि माझ्याकडे बघितलंही नव्हतंस. सगळ्यात जास्त मीच हसले होते. माझी पुढची सगळी कारकीर्द या एका वाक्यावर उभी राहील आणि त्याच कारकिर्दीपायी तू माझ्याशी बोलणं टाकशील, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

तर आधी तुझे दोन्ही हात ओठांना आणि मग कपाळाला लावते. गुडघे कसे आहेत? रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच घेतेस ना, की आठवेल तेव्हा दोन एकदम? यंदा ऑलिव्ह कसं आलं? तुझ्या तब्येतीची मला खरं तर फार काळजी वाटते आहे, कारण मी फोन केला की तुझी सून तुलाय सांगते, "सासूबाई बागेत आहेत." जानेवारीत तू बागेत होतीस. पावसात बागेत होतीस. त्या दिवशी तुमच्या अखिसारला गारा पडल्याचं मी बातम्यांत पाहिलं आणि लगेच फोन केला, तेव्हाही तू बागेतच होतीस. (फोनवर मागून तुझ्या टीव्हीवरची मालिका ऐकू येत होती. बागेत टीव्ही नेला असशील तर उत्तमच.)

तू का रागावली आहेस ते मला माहीत आहे. तुलायने तुला फोनवर माझ्या नाटकाचा तुकडा दाखवला. त्यात मी तुझ्यासारखा रुमाल बांधून, तुझ्यासारखी कमरेवर एक हात ठेवून, पाहुण्यांच्या बुटांत मीठ टाकते आहे. त्यावर तू तुलायकडून निरोप पाठवलास: "झेरीनला सांग, मी असलं काही कधी केलेलं नाही. आणि केलं असेलच, तर एवढं मीठ टाकलेलं नाही." आत्या, निरोपाचा दुसरा भाग वाचून मला फार धीर आला. लांबलेल्या पाहुण्याच्या बुटात चिमूटभर मीठ टाकलं की तो उठतो, ही आपल्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक असलेली आणि एकीनेही कधी न केलेली गोष्ट आहे. मलाही ती केवळ ऐकून माहीत आहे, असं मी कुणालाही सांगायला तयार आहे. पण पेरीहानबाई दोन गल्ल्या सोडून राहतात, दर मंगळवारी तुझ्याकडे चहाला येतात आणि उद्या हे त्यांना कळलं तर तू तोंड कसं दाखवणार, या भीतीने तू मला तोंड दाखवत नाहीस. हा हिशेब मला पटत नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते आहे.

इथे मी "उदयोन्मुख" नाटककार आहे. माहितीपत्रकात तसंच छापलंय. त्रेचाळिसाव्या वर्षी, केस रंगवून, चाळिशीचा चष्मा लावून मी उदय पावते आहे. आल्यापासून पडद्यावर मी काय काय झाले याची तुला कल्पना आहेच: सफाईवाली, सफाईवालीची आई, भाजीवाल्याची बायको, पोलीस ठाण्यात रडणारी बाई आणि एकदा तर पोलीस ठाण्यात रडणारी सफाईवाली. एका मालिकेच्या दिग्दर्शकाने मला जरा वाईट जर्मन बोलायला सांगितलं. ती भाषा चांगली बोलता यावी म्हणून मी दोन हिवाळे डोकं फोडलं होतं, आणि आता ती पुन्हा बिघडवण्याचे मला पैसे मिळणार होते. त्या दिवशी घरी येऊन मी ठरवलं की यापुढे स्वतःसाठी स्वतःच लिहायचं. लिहायला बसले आणि कागदावर पहिली तूच येऊन बसलीस, तीही न विचारता, उशी पाठीशी घेऊन.

नाटक म्हणजे एका घरातली एक दुपार. मुलीला बघायला मंडळी आलेली आहेत. (हो, तीच दुपार.) प्रेक्षक म्हणजे पाहुणे, म्हणून त्यांनी दारात बूट काढायचे, असं मी लिहिलं. आमचं नाट्यगृह एका जुन्या कोळशाच्या वखारीच्या तळघरात आहे. तिथला व्यवस्थापक गेरनोट कायम काळे कपडे घालतो आणि कशालाही "रोमांचक" म्हणतो. बूट त्याला रोमांचक वाटले. मग अग्निशमनचा माणूस आला आणि म्हणाला की जिन्यावर बूट ठेवले तर आग लागल्यावर लोक अडखळून मरतील. म्हणून बूट रंगमंचावर आले, रांगेत, माझ्या पायांशी. आता डोळ्यांसमोर एवढे बूट असताना एखाद्या बाईने काय करावं? तू काय केलं असतंस, हे मी विचारत नाही.

पहिल्या दोन प्रयोगांना सगळे इथलेच लोक होते. मी मीठ टाकलं की ते हसायचे, मग मी शेवटचा प्रवेश करायचे, मग ते टाळ्या वाजवून फाटके मोजे लपवत बूट शोधायचे. तिसऱ्या प्रयोगाला एल्मासताई आल्या. त्या मूळच्या योझगातच्या, इथे बाजारापाशी शिवणकामाचं दुकान चालवतात. आपल्यातली एक मुलगी नाटक करते म्हणून त्या आपलं अख्खं चहामंडळ घेऊन आल्या आणि पहिल्या दोन रांगा भरून टाकल्या. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून बोरेकची ताटं आणली होती, ती माझ्या हातात दिली. नाटक सुरू व्हायच्या आधीच माझ्या रंगमंचावर पालकाचं, बटाट्याचं आणि चीजचं सारण भरून भाजलेलं असं तीन तऱ्हेचं बोरेक मांडलेलं होतं. बायका खुशीत होत्या. मध्येच मला दुरुस्त करत होत्या. ("चहा आधी मोठ्यांना दे गं.") मग ती वेळ आली. मी वळले, कमरेवर हात ठेवला, आणि बुटांत मीठ टाकलं.

कुणी हसलं नाही. एल्मासताईंनी शेजारणीकडे बघितलं, डोक्यावरचा रुमाल सावरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "चला गं बायांनो. बाईंना आपला कंटाळा आला."

आणि त्या उठल्या, आत्या. सगळ्या. एकामागून एक रंगमंचावर आल्या, आपापले बूट शोधले, उलटे करून मीठ नीट झटकलं, आणि जाताना प्रत्येकीने मला "तुझ्या हाताला यश येवो, घर फार छान आहे" असं म्हटलं. मी तुझ्या रुमालात, तुझ्या आवाजात, "थांबा ना, अजून चहा व्हायचाय" असं म्हणत होते, आणि त्यांना वाटत होतं की मी वरवरचा आग्रह करते आहे. (त्यात चूक त्यांची नाही. तूही मीठ टाकल्यावर सगळ्यात जास्त आग्रह करतेस. म्हणजे, करत नाहीस.) दोन रांगा रिकाम्या झाल्या. उरलेले लोक श्वास रोखून बसले होते. शेवटचा प्रवेश मी कसा केला ते मला आठवत नाही.

त्या दिवशी नेमका एक समीक्षक बसला होता. त्याने लिहिलं की या शहरात कोण पाहुणा आणि कोणाला जायला सांगितलं जातं, हा प्रश्न इतक्या धीटपणे कुणीच मांडला नव्हता, आणि बायकांचं ते मूक निघून जाणं म्हणजे अनेक वर्षांतला सर्वांत मोठा नाट्यक्षण होय. गेरनोटने तो कागद माझ्यापुढे नाचवला. सगळे प्रयोग भरले. आता हा क्षण रोज हवा, असं तो म्हणाला. मी सांगितलं की तो क्षण नव्हता, त्या बायका रागावल्या होत्या. तो म्हणाला, रोमांचक.

मग मी एल्मासताईंच्या दुकानात गेले. त्यांची बोरेकची ताटं रिकामी परत देता येत नाहीत म्हणून त्यांत माझ्या हातचा रव्याचा हलवा नेला होता. त्यांनी तो बोटाने दाबून पाहिला, उशीसारखा परत वर आला, आणि त्यांना माझी खरोखरच दया आली. मी माफी मागितली, बूट आणि मीठ हे नाटकातलं होतं हे समजावलं. त्या म्हणाल्या, "ते कळलं गं आम्हाला ट्रॅममध्ये बसल्यावर. पण एकदा उठल्यावर परत कसं बसायचं?" मग मी गेरनोटचं म्हणणं सांगितलं. त्यांनी तोंडात धरलेली सुई काढून कापडात टोचली. "म्हणजे रोज यायचं आणि रोज अपमान करून घ्यायचा?" मी म्हटलं, हो. "बरं. गुरुवारी आम्हाला जमेल."

आता त्या दर गुरुवारी येतात आणि दर गुरुवारी जातात. पण आत्या, त्यांना आता जाण्याची गोडी लागली आहे. एक जण दारापाशी थांबून डोळे पुसते. दुसरीने स्वतःचं एक छोटं भाषण घातलं आहे. एल्मासताईंनी तर परवा बूट झटकताना प्रेक्षकांकडे असं बघितलं की टाळी पडली. उदयोन्मुख कोण, असा प्रश्न पडावा.

आणि यात माझं दुःख कुणाच्या लक्षात येत नाही. मीठ टाकल्यानंतर सहा-सात मिनिटांचा एक प्रवेश आहे. त्यात मी डोक्यावरचा रुमाल काढते आणि माझ्या स्वतःच्या आवाजात बोलते. सगळं नाटक मी त्यासाठी लिहिलंय. तो प्रवेश ज्यांना कळेल त्या नेमक्या तोवर ट्रॅममध्ये बसलेल्या असतात. मी एल्मासताईंना म्हटलं, एकदा तरी बसा. त्या म्हणाल्या, "शेवटी काय होतं गं?" मी म्हटलं, बसलात तर कळेल. "आम्ही बसलो तर तुझं नाव खराब होईल ना, पोरी," असं म्हणून त्यांनी माझ्या गालावर थोपटलं.

त्या दुपारी खरं काय झालं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. बाबांनी मनातून होकार देऊन टाकला होता. अंकाराच्या नाट्यशाळेची परीक्षा त्याच आठवड्यात होती आणि तिचं नावही घरात काढायची सोय नव्हती. मी कॉफी करायला आत गेले. मुलगा पसंत नाही हे कळवायला त्याच्या कॉफीत भरपूर मीठ घालायचं, एवढं एकच शस्त्र माझ्याकडे होतं, आणि बघते तर बरणी रिकामी. सगळं मीठ तू घेऊन गेली होतीस. मी गोड कॉफी बाहेर नेली. नेजदेत ती आनंदाने प्यायला, त्याच्या आईने, म्हणजे पेरीहानबाईंनी, माझ्याकडे सुनेकडे बघावं तसं बघितलं आणि बाबांचे डोळे भरून आले. आपण दोघींनी मिळून माझं लग्न जवळजवळ लावलंच होतं. आणि मग मागणी घालायच्या आधीच, डोकं दुखतंय म्हणून पेरीहानबाई उठल्या आणि सगळे गेले. तू दारात उभी राहून म्हणत होतीस, "एवढ्यात? अहो, बसा ना." परीक्षेला तू मला स्वतः बसमध्ये बसवून दिलंस आणि बाबांना सांगितलंस की मी दातांच्या डॉक्टरकडे गेले आहे. अंकाराला.

म्हणून नाटकातून तुला काढायला मी तयार नाही. नाव बदलेन, रुमालाचा रंग बदलेन, मीठ कमी करेन. तुला नाही काढणार. राग धर, पण घरात येऊन धर. बागेत सर्दी होते.

तुलायला, मुलांना पापे. माझ्या वाटणीचं लोणचं कुणाला देऊ नकोस.

तुझी,
झेरीन

ता. क. नाटकाला तुझ्या जवळच्याच इझमीरच्या महोत्सवाचं आमंत्रण आलंय. एप्रिलमध्ये. हे मी वर लिहायचं विसरले. विसरले नाही, घाबरले.

ता. क. २. पेरीहानबाईंनी मला फोन केला होता. नाटकाचा तो तुकडा त्यांनी केव्हाच पाहिलाय. (अखिसारमध्ये तो न पाहिलेली तूच एकटी राहिली होतीस, मग तुलायने ती उणीव भरून काढली.) त्या दुपारी त्यांची पिशवी बुटांपाशी राहिली होती. ती आणायला त्या दारात आल्या तर स्वतःच्या बुटात मीठ दिसलं. नेजदेतच्या बुटात तर टाच बुडेल एवढं होतं. त्या परत आत आल्या, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यांचं डोकं दुखायला लागलं. "मीठ कशाला लागतं गं," मला म्हणाल्या, "नेबाहतने नुसतं डोळ्याने सांगितलं असतं तरी मी उठले असते." हे तुला सांगायचं नाही, तुला फार लागेल, असं त्यांनी मला बजावून सांगितलंय. म्हणून लगेच लिहिते आहे. त्यांची तक्रार एकच आहे: नाटकात त्यांना चारच वाक्यं आहेत, आणि त्यांतलं एक हवेबद्दल आहे.

ता. क. ३. इझमीरच्या प्रयोगाची दोन तिकिटं त्यांनी काढली आहेत, शेजारशेजारची. दुसरं तुझं आहे. त्या शेवटच्या प्रवेशात मी जे बोलते ते तुला इथेच लिहून कळवावं असं खूपदा वाटलं, पण मी पत्र लिहायला बसले की त्याचं हे असं होतं. तू नाही म्हणशील हे मला माहीत आहे. गुडघा म्हणशील, बसचा त्रास म्हणशील, त्याच दिवशी कुणीतरी यायचंय म्हणशील. तरी विचारते. येशील का, आत्या? आणि सगळ्या बायका उठल्या तरी, दिवे लागेपर्यंत, तू बसून राहशील का?