पाच दिवसांची उघडी जाळी

बाबा,

कंपनीच्या फाटकावर आता भला मोठा फलक लागला आहे. हिरवी पाटी, पांढरी अक्षरं, ‘सुरक्षा प्रथम’. त्याचं तोंड देवळीच्या रस्त्याकडे आहे. आत काम करणाऱ्याला त्याची फक्त पाठ दिसते, गंजलेला पत्रा आणि दोन आडव्या पट्ट्या. फलक कोणासाठी आहे हे विचारायची गरज उरत नाही. समोर काचेचं ऑफिस झालं आहे, त्यात नागपूरहून आलेला एक तरुण सेफ्टी ऑफिसर बसतो, आणि मागे तुमची जुनी शेड जशीच्या तशी उभी आहे. त्याच मशिनी, तेच चपटे पट्टे, पत्र्याच्या त्याच फटीतून येणारं ऊन आणि त्या उन्हात उडणारा रुईचा भुसा.

सुरक्षा सप्ताह साजरा झाला तेव्हा सगळ्यांना पिवळी हेल्मेटं वाटली. कापसाच्या जिनिंगमध्ये! तुम्ही आयुष्य घालवलं तिथे. कापूस डोक्यात पडून कोणाची टाळू फुटल्याचं तुम्ही तरी ऐकलं होतं का? तिथे माणूस जातो तो छातीत भुसा साठून, आणि हात जातो तो पट्ट्यात. पण भुशासाठी हवा खेचणारे पंखे बसवावे लागतात, पट्ट्यासाठी मशीन थांबवावी लागते. हेल्मेटनं काहीच थांबत नाही आणि माणूस फोटोत बरा दिसतो. बायकांना तर डोक्यावर टोपली घ्यायची असते, हेल्मेटवर चुंबळ बसत नाही. त्यांनी ती उलटी करून आत जेवणाचे डबे ठेवले. त्या हेल्मेटांचा तेवढा एक उपयोग मी पाहिला. मग हात पुढे करून सगळ्यांनी शपथ घेतली, ऑफिसरनं एकेक ओळ हिंदीत म्हणायची आणि इतरांनी मागून पुटपुटायची. शपथ घेतली कामगारांनी. ज्यांनी घ्यायला हवी होती ते खुर्च्यांवर बसून चहा पीत होते.

मी हे फाटकावरच्या सभेत बोललो आहे, लोक हसले, टाळ्या पडल्या. माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या माणसापर्यंत जातो, हे तुमचंच देणं. आठ मशिनी एका वेळी चालू असताना तुम्ही शेडच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हाक मारत होता, आणि घरीही त्याच आवाजात मीठ मागत होता. शेजाऱ्यांना वाटायचं आपल्याकडे रोज भांडण होतं. तुमचे कान गेले होते आणि ते तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. कंपनीचा डॉक्टर दरवर्षी यायचा, जीभ बघायचा आणि सही करायचा. छातीतली घरघर ऐकून त्यानं सर्दी म्हटलं, मग दमा म्हटलं, मग वय झालं म्हटलं. रुई हा शब्द त्याच्या तोंडून शेवटपर्यंत निघाला नाही. तुम्ही मात्र त्याला वाकून नमस्कार करत होता.

आज लिहायला बसलो ते डॉक्टरसाठी नाही. ती जाळी तुम्हाला आठवत असेल. दसऱ्याला शेडमध्ये मशीनची पूजा व्हायची, सीझनचा मुहूर्त. तुम्ही सकाळी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, पट्ट्यावरच्या संरक्षक लोखंडी जाळ्या एकेक करून काढायचा. चाकाला हळदकुंकू, पट्ट्याच्या कडेनं झेंडूचं तोरण, नारळ, आपट्याचं पान. आणि त्या जाळ्या परत लागायच्या त्या थेट कोजागिरीला. पूजलेली मशीन पाच दिवस झाकायची नाही, हा तुमचा नियम. मशीन मात्र त्या पाच दिवसांत बंद नसायची. उलट सीझनचा पहिला जोर, फाटकापासून रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्या, आणि आत पट्टे उघडे, सरसर फिरताना झेंडूच्या पाकळ्या उडवत. जाळीविना पट्टा म्हणजे काय हे माहीत असलेली माणसं त्याच्या शेजारून हात जोडून जायची.

आयटीआय करून मी तुमच्या हाताखाली लागलो तो पहिला दसरा. मी वाचनालयातली पुस्तकं घरी आणून वाचणारा, सगळ्या जगाचं कळतं असं मानणारा. पूजा झाली, प्रसाद वाटला, आणि मी पाना घेऊन पहिल्या मशीनची जाळी लावायला घेतली. दोन नट आवळले असतील. तुम्ही आलात, माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि सगळ्या शेडच्या समोर तेच नट उलटे फिरवले. तुम्ही ओरडला असता तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त म्हणालात, “देवाले कोंडते का बे कोणी?” बायका पदर तोंडाला लावून हसल्या. कोणीतरी म्हणालं, मिस्तरीचं पोरगं लई शिकलं, आता देवाले बी कुलूप लावते. मी त्या दिवसापासून तुमच्या देवाचा तिरस्कार करत आलो. खरं तर देवाचा नव्हे, तुमच्या त्या शांत आवाजाचा.

तुम्ही गेलात. जाळ्या मात्र दर दसऱ्याला निघत राहिल्या. तुमचा फोटो शेडच्या भिंतीवर लागला, त्यालाही हार. नवे मिस्तरी आले, ऑफिस काचेचं झालं, सेफ्टी ऑफिसर आला, आणि पाच दिवस कोणी जाळीचं नाव काढत नाही. मी गेल्या काही वर्षांपासून कामगारांचा प्रतिनिधी म्हणून सेफ्टी कमिटीवर आहे. दर वर्षी हा विषय मी काढतो, दर वर्षी ऑफिसर दोन्ही हात वर करतो. “देखो भाऊ, ये धार्मिक भावना का मामला है.” ज्या कंपनीनं बायकांच्या संडासाला दार लावायला दोन सीझन घेतले, तिला आमच्या भावनेची इतकी काळजी. आणि आमची माणसं खूश. त्यांना वाटतं साहेब देव मानतो.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या त्याच पाच दिवसांत तिसऱ्या मशीनजवळ खाली पडलेला कापूस झाडून घेणाऱ्या बाईचा पदर पट्ट्यानं ओढला. पदराबरोबर हात. तुम्ही तिला ओळखता. तुमच्या वेळी ती नवीन लग्न होऊन आलेली, तुम्हाला मिस्तरीबुवा म्हणायची आणि तुमच्यासाठी घरून मिरचीचा ठेचा आणायची. उजवा हात मनगटापासून गेला. ती सेवाग्रामच्या दवाखान्यात होती तेव्हाच कंपनीनं कागद तयार केला होता. पदर सैल होता, सूचना पाळली नाही, आणि जाळी कामगारांनी आपल्या श्रद्धेनं, आपल्या हातानं काढली होती. कंपनीचा त्यात संबंध नाही. असा अहवाल कारखाना निरीक्षकाकडे गेला असता, तर दोष तिचा ठरला असता. नुकसानभरपाई अडली असती, आणि एका हाताची बाई म्हणून तिला उद्या कामावरून काढलं असतं. या अहवालावर कमिटीची सही हवी होती. म्हणून बैठक.

बैठकीआधी काका घरी आले. तुमचे सोबती, तुमच्या शेजारच्या मशीनवर काम केलेले, आता बोरगाव मेघेला मुलाकडे राहतात. कमिटीवर त्यांना जुने जाणते म्हणून बोलावलं होतं. चहा घेतला. मग म्हणाले, सही करून टाक. तिच्या घरासाठी आपण वर्गणी काढू, मी सगळ्यांकडे फिरतो. पण बैठकीत पूजेचा विषय निघाला तर तुमचं नाव निघणार. “मिस्तरी गेला गा. त्याच्या मांगं त्याची अब्रू त राहू दे.” मी म्हटलं, आणि तिचा हात? ते म्हणाले, हात तर गेलाच आहे. बाबा, या माणसावर मी लहानपणापासून माया केली आहे, आणि त्या क्षणी मला त्याची किळस आली. एका मेलेल्या माणसाच्या नावासाठी एका जिवंत बाईवर दोष ढकलायला निघालेला हा सज्जन. असे सज्जन होते म्हणून मालकांना गुंड पाळायची गरज पडली नाही.

बैठक काचेच्या ऑफिसात. एसी इतका की बाई कुडकुडत होती. हात पदराखाली झाकलेला. मॅनेजर मोठ्या आदरानं बोलला, मावशी म्हणाला, पाणी दिलं, आणि विचारलं, जाळी नाही हे तुम्हाला माहीत होतं ना? तिनं खाली बघून सांगितलं. “माहीत होतं. मिस्तरीबुवाच्या टाइमापासून उघडीच राह्यते. मले वाटे, देव पाहून राह्यला.”

मॅनेजरनं मान डोलावली आणि लिहून घेतलं. त्याला हवं ते मिळालं होतं. मग माझ्याकडे वळून तो गोड हसला. “तुमच्याच वडिलांनी सुरू केलेली परंपरा आहे. आम्ही तर तिचा मान ठेवला.”

मी उठलो. मी पुष्कळ वाचलं आहे, देशोदेशीच्या कारखान्यांबद्दल, तिथल्या मालकांनी कशाकशाच्या आड तोंड लपवलं त्याबद्दल. त्यातलं काही बोललो नाही. मी आपल्या स्वयंपाकघराबद्दल बोललो. त्याच दसऱ्याची संध्याकाळ. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर, मी दाराशी रुसून. ताटात बेसन आणि कांदा. तुम्ही मला जेवायला बोलावता, मी येत नाही, आणि तुम्ही आईला सांगावं तसं, पण माझ्यासाठी, बोलता. सीझनला घातलेला नवा पट्टा पहिले पाच दिवस सैलावतो, सरकतो. त्यानं चाकाला पकड धरावी म्हणून चालत्या पट्ट्यावर सारखी राळ टाकावी लागते. जाळी असली तर दर वेळी मशीन बंद करून ती काढावी लागेल. शेठजींनी सांगितलंय, सीझनच्या सुरुवातीला मशीन थांबली नाही पाहिजे. आणि मग तुम्ही म्हणालात, “आता सेठनं सांगतलं म्हून उघडी ठेवली, असं सांगू का लोकाइले? देवाचं नाव घेतलं त कोणाले लाज नाई वाटत.”

हे मी त्या बैठकीत शब्दाला शब्द सांगितलं. तुमच्याच आवाजात. बाहेर हमालांपर्यंत ऐकू गेलं असणार. मी म्हणालो, ही परंपरा माझ्या बापानं सुरू केली, मालकाच्या सोयीसाठी सुरू केली, आणि देवाच्या नावावर खपवली. माझा बाप मालकाचा माणूस होता. शेडमधल्या प्रत्येकाला त्यानं फसवलं, आणि ही बाई त्या फसवणुकीत हात घालून बसली. कारखान्याचा परवाना देवाच्या नावावर नाही. जाळी लावायची जबाबदारी ज्याची, त्याचं नाव लिहा.

काका उठले. काठी घेतली आणि दार उघडून निघून गेले. माझ्याकडे बघितलंही नाही. बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. तिच्या डोळ्यांत आभार नव्हते. तिचा देव आणि तिचे मिस्तरीबुवा मी एकाच वाक्यात काढून घेतले होते. मॅनेजरचं हसू मात्र गेलं. कामगारांच्या बाजूच्या एकानंही सही केली नाही, अहवाल तसाच अडकला, आणि निरीक्षकापुढे आता सुनावणी लागली आहे. बाई सध्या फाटकाजवळ गाड्यांच्या चिठ्ठ्या सांभाळते, डाव्या हातानं. सुनावणी होईपर्यंत तिला काढता येत नाही.

या दसऱ्याला पूजा झाली आणि मी स्वतः आठही जाळ्या लावल्या, तोरणासकट. पाना कोणी काढून घेतला नाही. प्रसादाला मात्र माझ्याजवळ कोणी आलं नाही. पंक्तीत माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या. तुमच्या फोटोला नेहमीपेक्षा मोठा हार होता, काकांनी पाठवलेला. हीच ती माणसं, जी माझ्या भाषणाला टाळ्या वाजवतात. मालकाला शिव्या द्या, खूश. त्यांच्या एका मेलेल्या मिस्तरीबद्दल खरं बोला, की ताट उचलून दुसरीकडे. मला त्यांचा राग येत नाही. रागासाठी थोडा तरी आदर लागतो.

आता उरलेलं. बैठकीत मी तुमचे शब्द तंतोतंत सांगितले, पण ते ज्या सुरात सांगितले तो सूर माझा होता. ऐकणाऱ्याला वाटलं असेल की तुम्ही हुशारी केल्यासारखे हसत बोललात. तुम्ही हसला नव्हता. ते वाक्य संपल्यावर तुम्ही हातातली भाकरी ताटात ठेवली, ताट बाजूला सारलं, आणि आईनं कितीदा म्हटलं तरी जेवला नाहीत. लाज कोणाला वाटत नाही म्हणत होता, आणि ती तुम्हाला बसल्या जागी वाटत होती. माझ्यासमोर, मुलासमोर. मी दाराशी उभा राहून ते पाहिलं.

एवढं एक मी गाळलं. सांगितलं असतं तर खोलीतल्या सगळ्यांना तुमची दया आली असती, आणि दया आली की लोक मेलेल्याची अब्रू राखायला सही करतात. काकांना जाऊन हे सांगितलं तर ते पुन्हा माझ्याशी बोलतील, हे मला माहीत आहे. बोरगाव काही लांब नाही. हे सगळं लिहिलं ते खरं तर त्यांना वाचून दाखवायला. पण त्यांना सांगितलं की ते सगळ्यांना सांगणार, आणि मॅनेजरच्या कानावरही जाणार. सुनावणी व्हायची आहे. तिथे मला तुम्ही मालकाचा माणूस म्हणून हसतानाच हवे आहात. म्हणून हा कागद इथेच राहील, आणि तुम्हीही, बाबा, तसेच.