श्वास रोखून धरा

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज स्कॅनच्या खोलीत चक्क मराठी! पेशंट तातेराव – मूळचे नांदेडकडचे, सिकंदराबादेत रेल्वेतून रिटायर झालेले. छातीवरची माझ्या नावाची पाटी वाचली आणि म्हणाले, "जय भीम ताई! बरं झालं, आपलं माणूस भेटलं." दिवसभर 'आराम से सांस लो, हिलना नक्को' करून माझी जीभ सुकते. काय गप्पा मारल्या आम्ही! इथं हिमायतनगरात ज्वारीचं पीठ कुठं चांगलं मिळतं तेसुद्धा विचारून घेतलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

तातेरावांच्या रिपोर्टात हृदयाच्या डाव्या कडेला रक्त कमी पोचतंय. बुधवारी अँजिओग्राफी. त्यांची बायको, सखूबाई, मला गाठून विचारत होती, "ताई, ह्यांला चालू दिऊ का नको?"

शनिवार, ८ नोव्हेंबर

भाजी चिरता चिरता हात थांबला. तातेरावांना स्कॅनच्या वेळी मी काय सांगितलं होतं? – "मोठा श्वास घ्या. रोखून धरा."

अगं बाई! हे तर छातीच्या स्कॅनचं वाक्य. पुण्यात नऊ वर्षं दिवसभर तेच म्हणायचे. मराठी सुरू झाली आणि तोंडातून आपसूक तेच निघालं. इथं हृदयाचे दोन स्कॅन. एक पेट – रक्त कुठवर पोचतं ते सावकाश टिपणारा, साध्या श्वासात. दुसरा सीटी, काही सेकंदांचा. दोन्ही चित्रं एकावर एक नीट बसायला हवीत. श्वास भरून धरला की हृदय खाली सरकतं, चित्रं जुळत नाहीत आणि धडधाकट हृदयावरही रक्त कमी पोचल्याचा डाग उमटतो. जुळली की नाही हे बघायचं काम माझं. दोन मिनिटांचं! आणि मी पीठ विचारत बसले.

रविवार, ९ नोव्हेंबर

कुणाला सांगितलं नाही. तिकडे त्या माणसाच्या रक्तवाहिनीत नळी घालणार, आणि मला नोकरीची पडलीय. शी!

सोमवार, १० नोव्हेंबर

रिपोर्ट देणाऱ्या डॉ. अप्पारावांना सांगून टाकलं. "अय्यो, अपर्णा!" एवढंच म्हणाले आणि खुर्ची ओढली. दोघांनी बसून चित्रं पुन्हा जुळवली. डाग गेला. हृदय ठणठणीत! उद्या फोन करणार होते ते, मी म्हटलं, मीच करते. "साफ बोलो, गलती हमारी है." हमारी म्हणाले. होती माझी एकटीची.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

तातेरावांना फोन केला. सगळं सांगितलं. तुमचं हृदय चांगलं आहे, चूक माझी, हवी तर तक्रार करा म्हटलं. पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग अगदी हळू – "ताई, अँजिओग्राफीचं ऐकून बुद्धभूषण आलाय. माझा लेक. सहा वर्षं माझ्याशी बोलला नव्हता. आत माझ्यासाठी भात लावायलाय. तारीख पुढं गेली म्हणून सांगतो मी त्याला. तुम्ही एवढ्यात काही बोलू नका."

मी बरं म्हणाले.