घमेल्यातली कुंची

जैनथ, जि. आदिलाबाद
२५ नोव्हेंबर २०२४

सौ. हर्षालीवहिनी यांस,
उत्कर्षाचा सा. न. वि. वि.

आपली प्रत्यक्ष भेट झालेली नसताना, आणि आपल्या दोन घरांत दोन वर्षे एका शब्दाचीही देवाणघेवाण नसताना, मी हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे. त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. फोन करता आला असता. परंतु अनोळखी व्यक्तीशी फोनवर बोलताना माझी वाक्ये कर्त्यापाशीच थांबतात, क्रियापदापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून पत्र.

मी तुमची नणंद. प्रवीणदादाने तुमच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केल्याचे घरी कळले, त्या दिवसापासून बाबांनी दादाचे नाव उच्चारलेले नाही. ते रागावलेले आहेत असेही म्हणता येत नाही. ते किराणा दुकान चालवतात, जेवतात, बातम्या ऐकतात. तो विषय निघाला की मात्र उठून तुरीच्या पोत्याची शिवण तपासतात.

दादाचा मित्र पंकज तुमच्याकडे येऊन गेला. ऑक्टोबरात तुम्हाला मुलगा झाल्याचे त्याच्याकडून समजले. आईने देवापुढे साखर ठेवली. साखर बाबांच्याच दुकानातून आली. कशासाठी, हे त्यांनी विचारले नाही.

बाळाच्या आत्याने कुंची न्यावी आणि त्याच्या कानात नाव सांगावे ही आपली रीत. मी त्याची एकुलती आत्या आहे. मला येण्याची परवानगी मिळेल असे वाटत नाही, परंतु कुंची पाठवता येईल. पंकज सांगत होता की तुम्ही फुले आणि साली उकळून घरीच सूत रंगवता, आणि तुमच्या ओसरीत इतक्या लडी टांगलेल्या होत्या की त्याला आधी दुकान वाटले. मलाही बाळासाठी पिवळा रंग हवा होता. आदिलाबादहून पांढरी लोकर आणून मी ती हळदीत उकळली. माझे हात, मोरी, आईचे पातेले आणि मागच्या दारी बांधलेली शेळी, हे सर्व पिवळे झाले. लोकर पांढरीच राहिली. माझे काय चुकले, ते कृपया कळवावे.

उत्तराचा आग्रह नाही. राग मात्र मानू नये.

तुमची नणंद म्हणवून घेण्यास उत्सुक,
उत्कर्षा

•

बेल्लमपल्ली
४ डिसेंबर २०२४

वन्संना,
हर्षालीचा नमस्कार, अन् वरून आशीर्वाद. नात्यानं तू मानाची, वयानं मी मोठी, म्हणून दोन्ही लावून ठेवले.

तुझं पत्र उघडलं अन् मला वाटलं वकिलाची नोटीस आली. तुझ्या दादानं वाचून सांगितलं की घाबरू नको, ती अशीच आहे; लहानपणी चुलीवरचं दूध सांडून राह्यलं तरी पूर्ण वाक्य बनवून मगच हाक मारायची, तवरोक भांडं रिकामं. मंग तो बाहेर जाऊन बराच वेळ नळाखाली तोंड धुवत बसला. नळाला पाणी नव्हतं.

बारसं झालं नाही. बाराव्या दिवशी माझी आई नेरडीगोंड्याहून पाळणा सजवायला आली होती. मीच नाही म्हटलं. आत्या जित्ती असताना दुसऱ्या बाईनं काऊन नाव ठेवावं? तवापासून पोट्टं बिननावाचं आहे. तुझा दादा त्याला साहेब म्हणते, मी गठुडं म्हणते. दोन्हीला तो सारखाच रडते.

आता तुझी लोकर. ती लोकर नव्हेच, प्लास्टिक आहे. एक धागा जाळून पाहा. वितळून कडक गोळी झाली तर प्लास्टिक. केस जळल्यावानी वास आला तर खरी. बाळाच्या अंगाला सूतच बरं. मी पांढऱ्या सुताच्या लडी धाडून राह्यली. इथं पांढरं काही वाळत घातलं की खाणीच्या कोळशाच्या धुळीनं संध्याकाळी राखाडी होऊन घरात येते. रंगवायला शिकली ते त्याच्यापायीच.

सूत आधी सोड्यात उकळ. मंग हिरड्याच्या पाण्यात रातभर बुडव, मंग तुरटीच्या पाण्यात. त्याच्याबिगर सूत रंग धरत नाही. मंग झेंडू उकळून त्या पाण्यात घाल. दिवाळीचे हार वाळून लटकले असतीन ते चालते. हिरडा, तुरटी तुमच्या दुकानातच असन. एक ध्यानात ठेव, भांडं स्वयंपाकातलं घेऊ नको, सासूबाई मला आणखी एक दोष देतीन.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी वहिनी,
हर्षाली

•

जैनथ
२९ डिसेंबर २०२४

सौ. वहिनींस,
उत्कर्षाचा सा. न. वि. वि.

लडी मिळाल्या. पोस्टमन आमचे सर्व टपाल दुकानात देतो, त्यामुळे पार्सल बाबांच्या हाती पडले. त्यांनी पाठवणाऱ्याचे नाव वाचले, पार्सल तराजूवर ठेवले, उतरवले आणि घरी पाठवून दिले. पुढे मी हिरडा मागितला, तेव्हा पोट बिघडले का असे त्यांनी विचारले. पोट ठीक असल्याचे मी सांगितले. त्यांनी हिरडा मागितल्यापेक्षा जास्तच दिला.

तुमची प्रत्येक सूचना मी तंतोतंत पाळली, आणि अनर्थ त्यातूनच झाला. स्वयंपाकातले नाही असे आमच्या घरात एकच भांडे निघाले. मागच्या भिंतीला गिलावा केला तेव्हाचे लोखंडी घमेले. ते घासून मी त्यात झेंडू उकळला. पाणी सोन्यासारखे दिसत होते. हिरडा प्यालेले सूत त्यात सोडले आणि आईला बोलवायला गेले. आम्ही दोघी परत येईपर्यंत सूत काळे झाले होते. करडे नव्हे, तपकिरी नव्हे. दौतीतून काढल्यासारखे काळे.

हिरड्यातले टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाने काळी शाई तयार होते. हा प्रश्न मला परीक्षेत आला होता. मला पूर्ण गुण मिळाले होते.

सूत तुम्ही पाठवलेले असल्याने ते टाकवले नाही. त्याची क्रोशाने कुंची विणली. वीण चांगली आली आहे. परंतु आई ती पाठवू देत नाही. दोन वर्षे अबोला धरलेल्या सासरहून पहिली वस्तू यावी आणि ती काळी असावी, याचा अर्थ कोणती सून सरळ लावील, असे तिचे म्हणणे आहे. कुंची ट्रंकेत आहे.

आणखी एक लिहिणे भाग आहे. तुमच्याकडे येण्याबद्दल मी बाबांना अद्याप विचारलेले नाही. दोनदा दुकानापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा काडेपेटी घेऊन परतले. माझ्यासाठी बाळाला बिननावाचे ठेवू नये.

क्षमेस पात्र असल्यास तुमचीच,
उत्कर्षा

•

बेल्लमपल्ली
८ जानेवारी २०२५

वन्संना नमस्कार-आशीर्वाद, नेहमीसारखे दोन्ही.

घमेल्याचं वाचून तुझा दादा इतका हसला की साहेब जागे झाले. लोखंड घेऊ नको हे सांगायचं मीच विसरली. पण सासूबाईंना सांग, पहिल्या वर्षीचं बोरन्हाण काळ्या कपड्यातच करतात ना? मंग काळी कुंची वाईट कशी? अन् खरं सांगू, मी एवढे दिवस रंगवून राह्यली, पण असा पक्का काळा मला एकदाही जमला नाही. कोळशाच्या गावात राहून.

बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कवाही चालते. संक्रांत पौषात येते, अन् पौषात माझी आई नाव ठेवू देत नाही. रथसप्तमीला माघ लागलेला असन. म्हणून आमी चार फेब्रुवारी धरली. सकाळी बारसं, संध्याकाळी बोरन्हाण.

त्याच्यापुढं मात्र आई थांबत नाही. तू नाही आली तर शेजारच्या सोजरबाई कानात नाव सांगतीन. त्यांनी राजकुमार ठरवून ठेवलं आहे. बाई फार चांगल्या आहेत, बाळंतपणात माझं सगळं केलं, त्यांना नाही म्हणायला माझी जीभ उचलणार नाही. अन् नाव काही धुतल्यानं जात नाही.

मामंजींना विचार. काडेपेट्या पुरे झाल्या.

वाटेकडे डोळे लावून,
हर्षाली

•

जैनथ
२७ जानेवारी २०२५

सौ. वहिनींस,
उत्कर्षाचा सा. न. वि. वि.

मी विचारले. वाक्य आदल्या दिवशी पाठ केले होते. रथसप्तमीला मला बेल्लमपल्लीस भाच्याच्या बारशाला जायचे आहे, असे मी दुकानात, क्रियापदासह, म्हटले. त्या वेळी चंपतराव नावाचे गिऱ्हाईक साबण निवडत होते. त्यांनी पहिला हाताला लागला तो घेतला आणि ते गेले. बाबांनी पोत्याची शिवण तपासली. मग शेजारच्या पोत्याचीही तपासली.

दोन दिवसांनी जेवताना त्यांनी आईला विचारले की ते काळे काय होते, ते झाले का. आईने ट्रंकेतून कुंची काढून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घेऊन ते दुकानात गेले. मी डबा घेऊन गेले तेव्हा गल्ल्याशेजारी एक नारळ कुंची घालून बसलेला होता. सकाळपासून तो तिथेच असावा. गिऱ्हाइकांपैकी कोणी काही विचारले नव्हते. बाबांचे मत असे पडले की कुंची लहान झाली आहे. चौथा महिना लागलेल्या पोराचे डोके नारळापेक्षा मोठे असते. त्यांना बाळाचे वय माहीत आहे, हे आम्हाला तेव्हा कळले.

मी कुंची उसवली आणि उरलेले सूत लावून पुन्हा विणली. ती होईपर्यंत ते रोज संध्याकाळी कितपत आली ते पाहून जात. काल त्यांनी चार तारखेला, मंगळवारी दुकान बंद राहील असे फळ्यावर लिहिले. आईने का विचारताच त्यांनी खुलासा केला की ते कोणाकडे जात नाहीत. एकट्या मुलीने दोन बस बदलून जाणे बरे नव्हे, म्हणून फक्त पोहोचवायला येत आहेत. मी तीन वर्षे रोज आदिलाबादला कॉलेजात एकटी जाते, हे मी निदर्शनास आणले नाही. आईने त्यांच्या पिशवीत धोतर आणि तिळाचे लाडू घातले, त्यांनी ते पाहिले आणि काढले नाही. आईही येत आहे. तिला कोण पोहोचवणार, याचा खुलासा कोणी मागितला नाही.

आज सकाळी मी हे पत्र लिहायला बसले असता ते दारात येऊन उभे राहिले. नाव काय ठेवणार, असे थेट त्यांनी विचारले नाही. ते म्हणाले, “माह्या बापाचं नको ठेवू. धोंडीबा म्हटलं की शाळेत पोट्टे धोंड्या म्हनतीन. मले माहीत आहे, मी त्याचा पोरगा होतो तरी मलेच धोंड्या म्हनत.”

धोंडीबा ठेवण्याचा माझा विचार नव्हता, तरी मी सूचना मान्य केली. मग काय ठेवणार, असे त्यांनी अखेर विचारले. मी म्हटले की नाव ठरले आहे, पण रीतीप्रमाणे ते आधी बाळाच्या कानात सांगायचे असते, त्याआधी कोणालाच नाही.

“बरं,” बाबा म्हणाले. “मंग मी जवळच उभा राहीन.”

सोजरबाईंना माझा नमस्कार सांगावा आणि राजकुमार हे नावही चांगलेच आहे असे कळवावे. बाकी भेटीत, तेवढे मला बोलता आले तर.

बाळाची आत्या,
उत्कर्षा

स्पीड पोस्टाने रवाना : सोमवार, २७ जानेवारी २०२५, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी.