लिफ्टच्या पत्र्याचा डबा आणि तिसरा मंगळवार

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर पूर्ण, मनोरुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून निवृत्त, अविवाहित, चष्मा लावल्यास नजर चांगली, न लावल्यास स्वभाव चांगला, आज रोजी पूर्ण शुद्धीत आणि कमालीच्या खुशीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणण्याची हिंमत असलेली माणसे माझ्या आधीच निवृत्त झाली.

शुद्धीचा दाखला सोबत जोडला आहे. चाळीस वर्षे मी इतरांच्या शुद्धीचे कागद भरले. स्वतःचा मिळवायला परवा डॉक्टरांकडे गेले. हे आमच्याच विभागातले डॉक्टर. त्यांच्या शेजारच्या टेबलावर माझी एकोणीस वर्षे गेली. रिवाजाप्रमाणे शंभरातून सात-सात वजा करायला लावतात. ते मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी मला पाढ्यासारखे पाठ आहे. हे डॉक्टरांना ठाऊक असल्याने त्यांनी मुद्दाम आठ-आठ वजा करायला सांगितले. मी चौऱ्याऐंशीवर अडखळले आणि हसू लागले, तेही हसू लागले, बाहेरच्या रांगेतले लोक दारातून डोकावले. दाखल्यावर त्यांनी लिहिले आहे: "गणित बेताचे. बुद्धी शाबूत. हसण्याचे कारण योग्य."

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. आता करण्याचे खरे कारण कलम चार हे आहे. माझ्यानंतर मंगळवारचे फोन कोण करणार, एवढीच माझी काळजी आहे. बाकीची कलमे वकिलांनी घालायला लावली, म्हणून आधी ती उरकते.

कलम एक. माझ्या धाकट्या भावास मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमते, कारण तो कागद हरवत नाही आणि कोणाचे ऐकत नाही. त्याला माझे दवाखान्याचे ओळखपत्र, फीत व फोटोसकट, देण्यात यावे. ते त्याने आपल्या बैठकीच्या खोलीत दर्शनी भागी लावावे. भावाने तीस वर्षे सगळ्यांना सांगितले की ताई बँकेत आहे. "वेड्यांचा दवाखाना" हा शब्द त्याच्या तोंडून निघेना. त्याच्या लग्नात त्याच्या सासरच्या अकरा जणांनी मला मुदतठेवीबद्दल विचारले आणि मी सगळ्यांना सल्ला दिला. त्यांपैकी एका काकांनी शेवटी हळूच विचारले, मला रात्र रात्र झोप येत नाही, तुमच्या बँकेत त्यासाठी काही आहे का. मी त्यांना आमच्या बँकेत घेऊन गेले. काका बरे झाले. भावाला हे अजून माहीत नाही, आता झाले. माझा राग केव्हाच गेला आहे, पण ओळखपत्र लावायचेच.

कलम दोन. ताणमुक्ती कार्यशाळेत मिळालेला मग, सुगंधी मेणबत्ती आणि दाबायचा रबरी चेंडू हे सध्याच्या विभागप्रमुखबाईंना द्यावेत. ही कार्यशाळा कर्मचारी फार दमतात म्हणून सुट्टीच्या दिवशी ठेवली होती आणि हजेरी सक्तीची होती. माझ्याकडे तेव्हा एकशे साठ माणसांच्या फायली होत्या. नियमाप्रमाणे चाळीस असाव्यात. चेंडू दाबत मी विचारले की आणखी एक माणूस नेमता येईल का, तर चेंडू जरा हळू दाबा असे उत्तर मिळाले. मगवर "आधी स्वतःची काळजी घ्या" असे लिहिले आहे. त्याला तळाशी भोक आहे, हे कृपया देताना सांगू नये.

कलम तीन. बँकेतील ठेव, किती ते बँकेला ठाऊक आहे, दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेर पेशंटच्या घरच्यांसाठी बाके करण्यास वापरावी. बाकांना पाठ असावी. पाठ असावी हे मी पुन्हा लिहिते, कारण गेल्या वेळी आलेल्या बाकांना नव्हती. वीस वर्षे मुलाला सांभाळणारी आई टेकायला भिंत शोधताना मी रोज बघत असे. त्या बायांना मी कधीच पुरेसा वेळ देऊ शकले नाही, याचे मला वाईट वाटते.

कलम चार. आता डबा.

डबा म्हणजे लिफ्टच्या जुन्या पत्र्याची पेटी, समोर शून्य ते सात अशी मजल्यांची बटणे असलेली. प्रत्येक बटणामागे एक कप्पा, कप्प्यात कार्डे. एक-दोनमध्ये मदतवाहिन्या, तीनमध्ये दवाखाने, चारमध्ये दाखले, पाचमध्ये निवारा, सहामध्ये काम देणारे, सातमध्ये "घरचे दमले असतील तर". बटणे दाबून काहीही होत नाही, पण आलेला प्रत्येक जण ती दाबतो आणि त्याला जरा बरे वाटते. प्रत्येक कार्डावर नाव, नंबर, "उचलतात का" असा रकाना आणि खाली शेरा. उदाहरणार्थ: "दाखल्यांची खिडकी क्रमांक नऊ. जेवणाआधी जावे, जेवणानंतर साहेब घोरतात, माणसे दिसत नाहीत." किंवा: "मदतवाहिनी. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असे बावीस मिनिटे सांगतात. बाविसाव्या मिनिटाला येणारी मुलगी मात्र फार चांगली. थांबावे."

हा डबा लिफ्टवाल्यांनी केला. लिफ्टवाले म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे मेकॅनिक. एके दिवशी लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरताना त्यांचा श्वास अडकला आणि नंतर लिफ्टच्या दारापाशी जाताच ते माघारी वळायला लागले. नोकरी जायची वेळ आली, म्हणून ते माझ्या टेबलासमोर आले. मी त्यांना आजाराच्या दाखल्यासाठी पत्र देऊन एका कार्यालयात पाठवले. तिथून त्यांना दुसरीकडे पाठवले, दुसरीकडून तिसरीकडे, अशी सात ठिकाणी टोलवाटोलवी होऊन शेवटच्यांनी सांगितले, आधी समाजसेवा विभागात जा. ते आले. माझ्यासमोर रांग होती. मी मान वर न करता पत्र लिहून दिले, त्याच पहिल्या कार्यालयाला. दोन महिन्यांनी ते पुन्हा आले आणि मी पुन्हा तेच लिहिले. चौथ्यांदा आले तेव्हा त्यांनी माझ्या अक्षरातली तिन्ही पत्रे टेबलावर ओळीने मांडली.

"ताई, तुमचं अक्षर सुंदर आहे," ते म्हणाले. "पण चौथं नको."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी खिडकी बंद केली, पर्स घेतली आणि त्यांच्याबरोबर निघाले. सातही ठिकाणे आम्ही दोन दिवसांत पालथी घातली. एका कार्यालयाचे नाव बदलले होते, एकाचे फक्त कुलूप उरले होते, आणि जिथे मी चार वर्षे सर्वात जास्त माणसे पाठवली ते समुपदेशन केंद्र केव्हाच हलले होते. तिथे गाद्या-उशांचे दुकान होते.

दुकानदार आम्हाला बघून उठलाच. म्हणाला, बसा, तुम्हीही दवाखान्यातून का? सुरुवातीला त्याने लोकांना परत पाठवले होते. मग एक बाई गादीवर बसून रडली, त्याने पाणी दिले, तिने तासभर सांगितले, त्याने ऐकले. तेव्हापासून त्याने कोपऱ्यातली एक गादी विकायचीच नाही असे ठरवले होते. किती जण येतात विचारल्यावर म्हणाला, आठवड्याला पाच-सहा, आणि काही तर पुन्हा पुन्हा येतात हो, बरं वाटतं म्हणतात. मी आणि लिफ्टवाले रस्त्यावर येऊन इतके हसलो की लोक थांबले. मग मी रडले. त्या दुकानाचे कार्ड डब्यात पहिल्या दिवसापासून आहे. शेरा: "औषध मिळत नाही. ऐकून घेतात."

लिफ्टवाल्यांना नंतर योग्य डॉक्टर मिळाले, दाखला मिळाला, कार्यशाळेत बसून करायचे काम मिळाले. ते बाराव्या मजल्यावर अजूनही जिन्याने जातात, पण जातात. विभागात ते इतर पेशंटना वाट दाखवायला येऊ लागले आणि माझ्यापेक्षा उत्तम दाखवत, कारण प्रत्येक चुकीच्या दारावर ते स्वतः उभे राहून आलेले होते.

आमचा नियम असा. दर मंगळवारी डब्यातल्या एका कप्प्याला फोन करायचे. कोणी उचलला नाही तर कार्ड काढायचे नाही, पुढच्या मंगळवारी पुन्हा करायचा. तेव्हाही नाही उचलला, तर तिसऱ्या मंगळवारी स्वतः जायचे आणि डोळ्यांनी बघायचे. त्यानंतरच कार्ड बाद. कागदावर विश्वास ठेवून मी माणसे गाद्यांच्या दुकानात पाठवली होती; तेव्हापासून कानाला खडा.

शून्याच्या कप्प्यात एकच कार्ड होते, माझ्या घरच्या नंबराचे: "कुठेच जमले नाही तर." निवृत्त झाल्यावर डबा माझ्या घरी आला आणि मंगळवारही. पण लिफ्टवाल्यांचा गुडघा दुखावला, त्यांचे येणे वर्षभर थांबले, आणि त्या वर्षी माझे बिघडले. मी हे स्पष्ट लिहिते, कारण भाऊ "ताईला जरा थकवा होता" असे सांगत फिरतो. मला नैराश्य आले होते. चाळीस वर्षे ज्याची लक्षणे मी लोकांना समजावली ते माझ्याच अंथरुणात येऊन झोपले आणि मला ओळखता आले नाही. केस विंचरावेसे वाटेनात. फोन वाजत राही. लिफ्टवाल्यांनी आपल्या घरून एका मंगळवारी शून्याला फोन केला. मी उचलला नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. तिसऱ्या मंगळवारी ते दुखरा गुडघा घेऊन तीन मजले चढून आले आणि दारात म्हणाले, "ताई, नियम आहे. बघायला आलोय, तुम्ही चालू आहात का."

मला त्यांनी आमच्याच डॉक्टरांकडे नेले. गोळ्या, बोलणे आणि चालणे, तिन्ही मी नेमाने केले. आज मी चालू आहे, इतकी की शेजारी तक्रार करतात.

आता डबा कोणाला. माझ्या भाचीचा, म्हणजे वरील भावाच्या मुलीचा, आणि माझा यावरून मोठा वाद झाला. ती मोबाईलवरच्या एका सल्ला देणाऱ्या ॲपमध्ये कामाला आहे. "मी तुमच्या भावना समजू शकते" अशी वाक्ये लिहिणे तिचे काम. तिला डब्यातले नंबर ॲपसाठी हवे होते, शेरे नको होते. साहेब घोरतात असे छापता येत नाही म्हणे. मी म्हटले, मग विभागाची छापील यादी घे, तिच्यात कोणीच घोरत नाही. तिने ती घेतली. आम्ही सात महिने बोललो नाही, आणि ते महिने मला फार जड गेले.

गेल्या महिन्यात ती आली. ॲपवर कोणी बाईने लिहिले होते की मला आज एकटीला राहवत नाही. ॲपने भावना समजून घेतल्या आणि यादीतला नंबर दिला. नंबर बंद होता. ती बाई आपल्या पायांनी दवाखान्यात पोहोचली, सुखरूप आहे, पण भाचीने मागाहून तो नंबर स्वतः लावून पाहिला आणि मग यादीतले सगळेच लावून पाहिले. निम्मे मेलेले निघाले. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून ती म्हणाली, "आत्या, मी लोकांना पाठवत तरी कुठे होते गं?"

मी तिला गाद्यांच्या दुकानाची गोष्ट सांगितली. ती आधी रागावली, मग हसली, मग माझ्याच मगमधून तिने चहा घेतला आणि तिच्या ओढणीवर गळला.

त्यानंतरचे तिन्ही मंगळवार ती येते आहे. आजही आली आहे. मी हे आत टेबलावर लिहिते आहे आणि बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज येतो. पहिल्या मंगळवारी ती "आपल्या सेवेची सद्यस्थिती जाणून घेण्यासाठी" अशी सुरुवात करायची आणि समोरचा फोन आपटायचा. लिफ्टवाल्यांनी शिकवले, सरळ विचारा, उघडे आहात का. आता ती तसेच विचारते. पलीकडचा कोणी तिला धारेवर धरतो आहे आणि ती हसते आहे.

म्हणून: डबा लिफ्टवाले व भाची या दोघांना सामाईक द्यावा. नंबर ॲपला खुशाल द्यावेत, पण शेऱ्यासकट आणि मंगळवारसकट. शेऱ्यांमधील एकही शब्द सभ्य करू नये. राहते घर भाचीस द्यावे; बाहेरची खोली दर मंगळवारी डब्याची. घरचा फोन व त्याचा नंबर बंद करू नये.

कलम पाच आणि शेवटचे. माझ्या पश्चात कोणी लगेच माझे कार्ड काढू नये. ज्या दिवशी मी जाईन त्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी लिफ्टवाल्यांनी आपल्या घरून शून्याला फोन करावा. त्या आठवड्यात भाचीला रडायचे असेल, तिने उचलला नाही तरी चालेल. दुसऱ्या मंगळवारीही करावा. तिसऱ्या मंगळवारी गुडघ्याला पट्टा बांधून, जिन्याने, स्वतः यावे आणि डोळ्यांनी बघावे. दार भाची उघडेल. तिला विचारावे, चालू आहात का. ती हो म्हणाली, तर "उचलतात का" या रकान्यात "हो" लिहून कार्ड परत जागेवर ठेवावे.

हे लिहिताना बाहेरून भाची ओरडली, "आत्या, नऊ नंबरची खिडकी पहिल्या घंटेला उचलतेय!" शेरा बदलावा लागणार.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला, दोनदा हसले व सही केली.

सही: सगळ्यांची ताई

साक्षीदार:
१. डॉक्टर. ताईंनी माझ्यासमोर सही केली. गणित अद्याप बेताचे.
२. खालच्या मजल्यावरचा शिंपी. माझ्यासमोर केली. हसण्याचा आवाज खाली दुकानापर्यंत येतो, हीही साक्ष.

(लिफ्टवाल्यांनाही सही करायची होती. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही असे वकिलांनी सांगितल्याने ते रुसून जिन्यात बसले आहेत.)

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: मंगळवार, चारच्या कप्प्याचे फोन चालू असताना