तांब्यातलं पाणी आणि तिसरा गिअर

सोम. ३ नोव्हें.
आज परत तेच. वडखळ सोडलं, वेग पस्तीस-चाळीस, आणि दुसऱ्यातून तिसरा गिअर पडताना असा दणका की सौ.च्या हातातली पिशवी पायाशी. ही ऑटोमॅटिक गाडी घेतली ती सुखासाठी. डावा गुडघा झिजलाय, क्लच दाबायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं म्हणून. जुनी आहे, पण इंजिन खणखणीत. डोलवीच्या कंपनीची शिफ्टची बस तीस वर्षं चालवली, कधी कोणाची झोप मोडली नाही. आता स्वतःची बायको विचारते, "जरा धरून बसू का?"

१६ तारखेला वैशूला रोह्याहून आणायचंय. सातव्यात ओटी भरून माहेरी, पहिलं बाळंतपण इथे पेणला. या असल्या गाडीतून पोटुशी पोर कशी आणू?

बुध. ५
सलीमभाईचं गॅरेज. आखातात बारा वर्षं ऑटोमॅटिक गाड्याच दुरुस्त केल्या त्याने. बॉनेट उघडून दाखवलं. ॲक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सला केबल जाते, टोकाला नट. केबल ताणली की गिअर उशिरा बदलतो, सैल केली की लवकर. एवढंच? एवढंच. दोन आटे सैल केली. तो चालवून आला, मी बाजूला. लोण्यासारखी! गॅरेजातून मी घरी निघालो, पहिल्याच चढावर दणका. दात दुखतो म्हणून डॉक्टरकडे जावं आणि खुर्चीत बसल्यावर दुखायचा थांबावा, तसलं काहीतरी.

शुक्र. ७
नुसतं "झटका बसतो" सांगून मेकॅनिकला काय कळणार, मोजमाप पाहिजे. सौ.ला मागे बसवलं, मांडीवर काठोकाठ भरलेला तांब्या. गडबपर्यंत गेलो. अर्धा तांब्या तिच्या साडीवर.
"तांब्या कशाला, मी सांगतेय ना!"
घरी येईपर्यंत पदर पिळत बसली. संध्याकाळी सलीमकडून केबल ताणून आणली. आता बरं होईल.

रवि. ९
बरं कसलं. रोह्याला जाऊन आलो, वैशूच्या सासरी दिवस पक्का करायला. भिसे खिंडीत इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गिअर बदलायचं नाव नाही. बदलला तेव्हा मान मागे.
विहीणबाईंनी आमची गाडी दारात थांबताना पाहिली असावी. चहा देताना म्हणाल्या, "आमचा नीलेशच सोडील की बायकोला, आमच्या गाडीने."
वैशू पटकन म्हणाली, "नाय, मला बाबाच नेणार."
मी मान डोलावली.

मंगळ. ११
तिसऱ्यांदा गॅरेज. आज आवाज चढला माझा. "तुझ्या हातात नीट जाते, माझ्या हातात नाय, म्हणजे गाडी माणूस बघून चालते काय?"
सलीम नट फिरवत राहिला. हात पुसले आणि म्हणाला, "काका, उद्या या. तुमी चालवा, मी बसतो."

बुध. १२
नागोठण्यापर्यंत जाऊन परत. सलीम बाजूला बसला होता, पण रस्त्याकडे बघतच नव्हता. माझ्या पायांकडे बघत होता.
"काका, गाडीत काय नाय. वेग चाळीसला आला का तुमी पाय उचलता. गिअर टाकायला. गाडीला वाटतं बस झालं, ती वरचा गिअर घेते. तुमी परत दाबता, ती खालचा घेते. तो दणका."
मी उगाच आरसा नीट केला.
"डावा पाय पण जातो. दोनदा ब्रेकवर गेला. तिथं क्लच नाय, काका."
संताप संताप झाला. तीस वर्षांच्या ड्रायव्हरला पाय शिकवतो! चहा मागवला होता त्याने, न घेता निघालो.
घरी सौ.ला सांगितलं, वाटलं माझी बाजू घेईल. भाजी निवडत म्हणाली, "मला ठाव हाय. दुपारी झोपता तवा पण डावा पाय दाबता तुमी."

शनि. १५
तीन दिवस वडखळ-गडब, गडब-वडखळ. डावा पाय सीटखाली दुमडून ठेवतो. गुडघा ठणकतो. उजव्याला बजावतो, उचलायचा नाही, उचलायचा नाही. चाळीस आले की उचलतोच, मेला. परवा नऊ झटके, काल सात, आज सहा. सहा म्हणजे काही कमी नव्हेत.
दुपारी नीलेशला फोन केला. येताना तू चालव म्हटलं. कारण विचारलं नाही त्याने, तेवढी कृपा.

रवि. १६
जाताना मी, येताना नीलेश. गाडी तीच. खिंड चढलो तरी एक झटका नाही. मी बाजूला बसून जावयाचा डावा पाय बघत होतो. आरामात पसरलेला, नुसता पाहुणा. इतका राग आला मला त्या पायाचा! मागे सौ.च्या खांद्यावर डोकं टेकून वैशू नागोठण्याच्या आधीच झोपली. बरं वाटलं. वाईटही वाटलं, खोटं कशाला लिहू.
उतरताना म्हणाली, "बाबा, हॉस्पिटलला तुमीच न्यायचं हां. हा तेव्हा रोह्याला असेल." तारीख जानेवारीतली. मी म्हटलं, बघू.

सोम. १७
सलीमकडे गेलो. म्हटलं, तो नट मुळात होता तिथे लावून टाक.
"तिथंच हाय. मंगळवारीच लावला, तुमी ओरडत होता तेव्हा."
बुधवारचा राहिलेला चहा आज घेतला.
मग एकटाच गडबपर्यंत. मागच्या सीटवर टॉवेलात घट्ट बसवलेला तांब्या. वैशू पायरीवर वाट बघत होती. सौ.ने तांब्यात बोट घातलं. "दोन पेरं कमी."
वैशू म्हणाली, "उद्या मी बसते मागे."
नाही म्हटलं. अजून तांब्याच.