चाळणीच्या कड्याचं झुंबर

१२ नोव्हेंबर १९८६, पांढुर्णा

जावई आले होते सौंसरहून. अंगणातच उभे राहिले. खाट टाकली, बसले नाहीत. चहा घेतला, उभ्यानंच. म्हणाले, "मामाजी, आई म्हणते शालूचं बाळंतपण आमच्याकडंच करू. मामींची तब्येत अशी... तुम्ही समजून घ्या."

घेतलं समजून. बायकोला टीबी आहे म्हटल्यावर सातव्या महिन्यातली सून कोण पाठवेल? मीही पाठवली नसती बहुतेक. पण पहिलं बाळंतपण माहेरीच, ही आपली रीत. शेवंतीनं अंगात ताप असताना आतल्या खोलीचा कोपरा पांढऱ्या मातीनं सारवून ठेवला होता. आढ्याची कडी घासून तेल लावलं होतं, पाळणा बांधायला.

जावई गेल्यावर आतून एवढंच म्हणाली, "चहात साखर बराबर पडली होती नं?"

१५ नोव्हें.

रोजची सुई सुरूच आहे. सरकारी दवाखान्यात मी सायकलवर मागं बसवून नेतो. आज सुई टोचून झाल्यावर शेवंती सिस्टरबाईंना म्हणाली, "बाई, ते रिकामी शिशी मले द्या."

"काय करता आजी?"

"फेकता कायले मंग?"

बाई हसल्या, दिली. मला हसू आलं नाही, नवलही वाटलं नाही. हिच्या हाती लागलेली वस्तू उकिरड्यावर जात नाही हे सारी गल्ली जाणते. उडालेल्या बल्बचे पोपट, फुटक्या बांगड्यांचं तोरण, सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीची फुलं. लग्नाच्या नवलाईत मी एकदा फाटकी चप्पल फेकली, तर तिनं उचलून आणली, तिच्या तळव्याची नक्षीदार बैलजोडी केली. अजून आहे फळीवर. एका बैलाला शिंग नाही.

२० नोव्हें.

शिश्या जमून राहिल्या. सोड्याच्या पाण्यात उकळायच्या, कागद सुटतो. पुन्हा उकळायच्या. हे काम माझ्याकडं. ती खाटेवरून हुकूम सोडते.

शेवटी आज विचारलं, कशासाठी? म्हणाली, "नातवासाठी. पाळण्यावर टांगाले झुंबर. लेकरू इथं नाही आलं तर काय झालं, माह्या हातचं तिकडं जाईन."

जुन्या चाळणीची जाळी फाटली होती. जाळी कापली, नुसतं कडं ठेवलं. त्यावर रंगीत पाण्याच्या शिश्या आणि चिंध्यांच्या चिमण्या. डोळ्यांपुढं सगळं तयारच आहे तिच्या. मला मात्र नुसतं कडं दिसते.

२३ नोव्हें.

पिवळ्या रंगासाठी मी शहाणपणानं हळद कालवली. तासाभरात हळद खाली बसली, वर गढूळ पाणी. शेवंती हसली, हसता हसता खोकला लागला, मग बराच वेळ...

पिवळा होळीच्या उरलेल्या रंगातून केला. निळा कपड्याच्या निळीचा. हिरवा शाईच्या पुडीचा. लाल नको म्हणाली. मी का म्हणून विचारलं नाही.

एक गोष्ट तिच्याच ध्यानात आली. रबरी बुचाला सुईचं भोक असते. त्यातून पाणी झिरपेल. म्हणून प्रत्येक बुचावर मेणबत्तीचं मेण टिपायचं.

२८ नोव्हें.

चिमण्या शिवणं माझ्यावर आलं. तिचे हात थरथरतात. माझे हात म्हणजे जिनातले हात, जन्मभर कापसाच्या गाठी बांधल्या. शाळा नाही पाहिली, गाठींवरचे छापलेले आकडे नि अक्षरं पाहून पाहून लिहायला शिकलो, पण सुईत दोरा ओवायला कोण शिकवते तिथं?

"किती ठासून राहिले कापूस! गाठ नाही बांधायची, चिमणी हाय ते."

"पोट भरलेली चिमणी आहे."

"पोट भरलेली नाही, पोटुशी दिसते. शालूसारखी."

दोघंही हसलो. 

चिमण्यांचं कापड तिच्या लुगड्याचं. शालूच्या लग्नात नेसली होती ते.

२ डिसेंबर

आज तिच्या पदराच्या टोकावर लाल. तिनं टोक मुठीत धरलं. मी पाहिलं नाही असं केलं.

६ डिसें.

विहारात गेलो. वंदना झाली. पुढच्या रांगेत बसलो तर दोन्ही बाजूला जागा मोकळी राहिली. कोणी मुद्दाम केलं असं म्हणत नाही. पण सतरंजीची निळी पट्टी शेवटपर्यंत दिसत होती, दोहीकडं.

घरी येऊन सांगितलं, खूप गर्दी होती, बसायला जागा नव्हती.

१४ डिसें.

बांगड्यांची साखळी. काचेचा तुकडा रॉकेलच्या दिव्याच्या ज्योतीवर धरायचा, मऊ झाला की दुसऱ्यात अडकवून वाकवायचा. दोन बोटं भाजली. शेवंतीनं बोटांवर फुंकर घातली नाही, तोंड फिरवून घेतलं. पदर नाकाशी. पहिले माझं काही भाजलं की ती आधी फुंकर घालायची, मग ओरडायची. आज नुसतीच ओरडली.

दोरा खताच्या पोत्याचा, उसवून काढलेला. म्हणते सुती दोरा सडते, हा नाही सडणार, पोरीच्या पोरीपर्यंत राहीन. मी म्हटलं, पोरगीच होईन हे कशावरून? म्हणाली, "मी सांगून राहिली नं."

२५ डिसें.

कडं टांगून पाहिलं. एका अंगानं कललं. मी खालून दगड बांधायला निघालो. ती म्हणाली थांबा. खाटेवर पडल्या पडल्या बोटानं दाखवत गेली, ही शिशी तिकडं, ती इकडं, निळी खाली घ्या, हिरवीचा दोरा आखूड करा. तिन्हीसांजेपर्यंत. मग कडं असं सरळ झालं की काय सांगू. फिरलं तरी सरळ. शिश्या एकमेकीला लागून वाजल्या.

ती म्हणाली, "आता राहू द्या. थकली मी."

९ जानेवारी १९८७

संत्र्याच्या ट्रकवाल्याजवळ जावयांनी निरोप धाडला. पोरगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

शेवंतीला सांगितलं. डोळे मिटून घेतले तिनं. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "नाक कोणावर गेलं, विचारलं का?"

ट्रकवाल्याला मी नाकाचं कसं विचारू?

२१ जाने.

आज सौंसरला जाऊन आलो. नातीचं नाव ठेवणं होतं.

झुंबर हातातच धरून बसलो, पिशवीत घालवेना. रस्ताभर किणकिण. मोहगावला एक बाई लेकरू घेऊन चढली. लेकरू रडून राहिलं होतं, शिश्या पाहिल्या नि चूप. हात लांबवते. माझी छाती अशी फुगली! कंडक्टर म्हणाला, "काय बावा, दवाखाना घेऊन चालले का?" सगळे हसले. मीही हसलो. तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

इहीनबाईंनी, जावयांच्या आईनं, पाट मांडला, पाणी दिलं. वाईट बाई नाही, हे आधी लिहितो. झुंबर हातात घेतलं. चिमण्या पाहून म्हणाल्या, "किती गोड केल्या हो!" मग एक शिशी बोटात धरली, उलटी केली, बूच पाहिलं. त्यांचा हात तसाच राहिला.

"भाऊ, या सुईच्या शिश्या होत?"

म्हटलं, हो. उकळून घेतल्या आहेत, दोनदा.

खाली बसल्या. "माहा भाऊ याच बिमारीनं गेला. त्याच्या खाटेखाली याच शिश्या लोळत राहात. झाडताना माह्याच हाती लागत. रागावू नका भाऊ. लेकरावर नाही टांगवत माह्याच्यानं."

त्यांचं बरोबर होतं. मला एवढे दिवस त्या सुईच्या शिश्या दिसल्याच नाहीत. उकळता उकळता, रंग भरता भरता त्या माझ्या लेखी फुलं झाल्या होत्या. शेवंतीच्याही. अख्खी बस हसली तरी माझ्या डोक्यात नाही आलं.

शालू दारात उभी होती, लेकरू छातीशी. खाली पाहत होती. मीच जरा दूर उभा राहिलो, माझ्या अंगावर काही असेल नसेल. नाक शेवंतीचं आहे. बसकं.

नाव सुजाता ठेवलं.

निघताना इहीनबाईंनी संत्री बांधून दिली, "इहिणीले द्या." शालू रस्त्यापर्यंत आली. झुंबराच्या एका चिमणीला बोट लावलं फक्त.

परतताना ते शालीत गुंडाळून मांडीवर धरलं, वाजू नये म्हणून.

२१ जाने., पुन्हा

शेवंती वाटच पाहत होती. "टांगलं का?"

"टांगलं."

"वाजते?"

"वाजते. पोरगी टकामका पाहते."

"इहीनबाई काय म्हणे?"

"म्हणे, किती गोड केल्या चिमण्या."

हे एवढं तरी खरं होतं.

झुंबर मागच्या सांदीत, गोवऱ्यांच्या छपराखाली खुंटीला टांगलं. वरून पोतं.

२९ जाने.

सायकलवर बसवत नाही तिला आता. सिस्टरबाई स्वतः येऊन सुई देऊन जातात, वाटेवर घर आहे म्हणतात. वाटेवर नाही त्यांचं घर.

जेवण दोन घास. संत्र्याची एक फोड चोखली. "इहिणीनं पाठवली तेच नं? गोड हाय."

३ फेब्रुवारी

दुपारी वारं सुटलं. मी भाकरी थापत होतो. मागून किणकिण आली. पोतं उडालं असावं.

शेवंतीनं डोळे उघडले. "काय वाजून राहिलं मांगं?"

"मांजर असन."

ती माझ्याकडं पाहत राहिली. भाकरी करपली.

मग म्हणाली, "मांजरीले म्हणा, हळू. पडन, फुटन."

६ फेब्रु.

रोज वारं आलं की तिचा कान मागच्या सांदीकडं जाते. मी पोतं पुन्हा टाकलं नाही.

११ फेब्रु.

सिस्टरबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मला ठाऊकच होतं.

आत आलो. शेवंती म्हणाली, "बाहेर लई थंडी पडते नं?"

म्हटलं, पडते.

"मांजरीले घरात घ्या आता."

आणलं. त्याच कडीला टांगलं, पाळण्यासाठी तेल लावून ठेवलेल्या. खाट त्याखाली ओढली. खिडकीतून ऊन आलं तर भिंतीवर निळे-हिरवे ठिपके. ती पाहत राहिली. इहीनबाईंनी काय म्हटलं ते मी सांगू लागलो तर हातानं थांबवलं. "तिचं खोटं नाही. कोणाच्या घरी काय घडलं, आपल्याले काय मालूम."

थोड्या वेळानं बोट वर केलं. "ते चिमणी तुम्ही तिरपी शिवली."

१६ फेब्रु.

गेली. सकाळी. मी चूल पेटवत होतो.

२४ फेब्रु.

लिहावंसं वाटत नाही. विहारातले लोक आले, सगळं त्यांनीच पाहिलं. तिचं अंथरूण जाळलं. ताटवाटी पुरायला सांगितली, मी नाही पुरली, उकळून ठेवली. झुंबराला हात लावू दिला नाही.

१ मार्च

पुण्यानुमोदनाला शालू आली, लेकरू घेऊन. जावई आणि इहीनबाईही. घर दोनदा धुऊन, ऊन देऊन ठेवलं होतं मी. इहीनबाई ओट्यावरच बसल्या, पण रडल्या मनापासून. म्हणाल्या, शालूला चार दिवस राहू द्या बापाजवळ. लेकरासकट. त्यांच्या तोंडून हे निघणं म्हणजे केवढं... मी हात जोडले.

३ मार्च

सुजाताला आज कडीखाली गोधडीवर ठेवलं. पाय मारते. शिश्या वाजल्या की थांबते, वाजणं थांबलं की पुन्हा पाय मारते. शालू मघापासून भिंतीला टेकून बसली आहे. माय गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. हसली नि लगेच पदर तोंडावर.

मला म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

म्हटलं, कायले? बाळंतीण होती तू.

५ मार्च

शालू उद्या सकाळच्या गाडीनं जाते. जेवताना म्हणाली, "बाबा, हे मी नेऊ का? सासूबाई जाताना बोलली मी त्यांच्याशी. त्या म्हणे, शिश्या काढून आण, चिमण्या राहू दे. चिमण्या खुशाल टांग म्हणे."

मी ताट घेऊन उठलो.

तिचं खरं आहे. शिश्या काढल्या तर नातीच्या डोक्यावर आजीच्या लुगड्याच्या चिमण्या राहतील. आजीला एवढंच तर पोहोचवायचं होतं तिथं. आणि शिश्या ठेवल्या तर हे इथंच राहील, माझ्या डोक्यावर, आणि पोरीला काहीच नाही.

दुपारी खुर्चीवर चढलो. एकच शिशी उचलून धरली, दोरा सैल करून पाहिला. कडं लगेच एका अंगानं झुकलं. चिमण्या सगळ्या एका कोपऱ्यात घसरल्या. शिशी सोडली, पुन्हा सरळ. सगळा तोल तिनं शिश्यांवर धरला आहे. काढल्या तर चिमण्यांचा तोल नव्यानं बसवावा लागेल, आणि बोटानं दाखवणारं कोणी नाही. मी बसवू शकेन का? बसेलही कदाचित. तिनंच शिकवलं आहे.

६ मार्च, सकाळ

शालू लेकराला दूध पाजून राहिली. सामान बांधून झालं. झुंबर अजून कडीलाच आहे. कात्री काढून ओट्यावर ठेवली आहे. बाजूला शाल पण काढली आहे, गुंडाळायला.

उजेडात पाहिलं तर निळ्या शिशीतलं पाणी खाली गेलं आहे. त्या बुचावर मेण टिपायचं राहिलं असावं माझ्याकडून. भरावं लागेल. ठेवली तर.