आईच्या डबीतली दोन पानं

प्रिय ताई,

आईच्या डबीतली ती वस्तू घेऊन आज सराफाकडे गेलो होतो. दोन चिमुकली पानं आणि त्यांना जोडणारी साखळी. तू म्हणायचीस तुटलेला हार आहे, मी म्हणायचो बाजूबंद. "किंमत काढ आणि साखळी तोडून एक पान मला दे," असं म्हणून गेल्या हिवाळ्यात तू बोलणंच टाकलंस.

दुकानातल्या बाईंनी भिंग लावलं आणि त्या हसल्या. "आजोबा, पितळ आहे, वर मुलामा. चहापाण्याचे पैसे सुटतील. पण हा हारही नाही आणि बाजूबंदही. पानांमागे चिमटे आहेत बघा. खांद्यावर टाकलेला स्वेटर घसरू नये म्हणून लावायचे."

ताई, माझे डोळे तिथेच मिटले. थंडीची सकाळ, शाळेची वाट. आईनं स्वेटर नुसता खांद्यावर टाकलेला, अन् रिकाम्या बाह्यांत आपले हात. मी कविता म्हणायचो. अडलो की तू बाही ओढून पुढची ओळ सांगायचीस. एवढ्या ओढाओढीत तो स्वेटर पडत कसा नाही, याचं आपल्याला केवढं कोडं!

"मग तुम्ही म्हणालात तशी तोडू साखळी?" बाईंनी पक्कड उचलली.

"नको हो," मी म्हणालो, "आईचा स्वेटर पडेल."

हे पत्र टाकत नाही. रुसल्यावर तू पाकीट फोडत नाहीस, मला ठाऊक आहे. त्यापेक्षा सकाळी मीच येतो, स्वेटर खांद्यावर टाकून, ही पानं लावून. दार उघडलंस की तीच कविता सुरू करीन. अडलो, की उजवी बाही ओढ.

तुझा,
डाव्या बाहीतला धाकटा